भोरड्यांच्या थव्यातील परका पाहुणा

मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराचे पावसाळी निवासस्थान म्हणून जे आवार एकेकाळी राखले गेले आणि १९४९ पासून जेथे पुणे विद्यापीठ नांदत आहे, त्या गणेशखिंडीच्या जुन्या वृक्षांवर हिवाळ्यात भोरड्या उतरतात. मध्य आशियाच्या आणि पूर्व युरोपच्या टोळधाडीच्या मुलखांत वीण उरकून पावसाळा सरता सरता येणारे हे पक्षी ज्वारीच्या राखणदाराला गोफण उचलावयास लावतात. त्यांचे नाकतोडे नि अळ्या फस्त करण्याचे ऋण मात्र क्वचितच कोणी मानतो.

फुललेल्या काटेसावरीवर गेल्या आठवड्यात असाच एक थवा कलकलत असता, सोबतच्या विद्यार्थिनीने वरच्या फांदीकडे माझे लक्ष वेधले. काळे डोके आणि गुलाबी पाठ-पोट असलेल्या त्या गर्दीत एकाच पक्ष्याच्या अंगावर गुलाबी रंगाचा लवलेश नव्हता. भोरडीचे पिल्लू म्हणावे, तर ते वाळूसारखे फिकट तपकिरी आणि फिक्या चोचीचे असते. याची चोच काळपट व अणकुचीदार होती, सर्वांगावर पांढरट ठिपके दाट विखुरलेले होते आणि त्याने उन्हाकडे कूस वळवताच पिसांवर हिरवी-जांभळी झळाळी उमटली, तेव्हा खातरजमा झाली की हा युरोपातील स्टार्लिंग होय. हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानात तो येतो. दख्खनच्या पठारावर त्याचे दर्शन विरळा.

दुर्मीळपणा पक्ष्याचा नव्हे, स्थळाचा असतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १८९० साली सोडलेल्या सुमारे साठ स्टार्लिंगांचा विस्तार आज उत्तर अमेरिकेत कोट्यवधींवर गेला असून तेथे त्याला उपद्रवी मानतात. तरीही वेगळा पक्षी हेरणाऱ्या दृष्टीचे मोल मी कमी मानीत नाही. बालवयात छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून सालिम अलींना कुतूहल वाटले, ती चिमणी घेऊन ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथूनच त्यांच्या पक्षिशास्त्राचा आरंभ झाला.

खेद एवढाच, की अपूर्व पाहुण्याचे छायाचित्र घेण्यासाठी जी धावपळ होते, तिच्या शतांशानेही थव्याची विचारपूस होत नाही. त्या झाडावर भोरड्या किती होत्या, त्या कोणत्या तारखेस आल्या, काटेसावर सरल्यावर पळसावर गेल्या की निघून गेल्या, याचा दाखला दप्तरी नसेल तर पन्नास वर्षांनंतर त्या घटल्या की वाढल्या हे कोण सांगणार?

म्हणून वाचकांस विनंती, की एप्रिलात भोरड्या परतण्यापूर्वी आपल्या परिसरातील थवा पाहावा. तारीख, वेळ, झाड आणि अंदाजे संख्या प्रथम लिहावी, आणि वेगळा पक्षी आढळल्यास त्याचे वर्णन त्याखाली लिहावे. अशा वह्या जतन करण्याची व्यवस्था विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाने करावी.

— खगमित्र