छतावरचे शहर

विकास आणि निसर्ग यांत ‘समतोल’ साधावा, हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की उच्चारणाऱ्यालाही त्यात काही अर्थ असावा अशी अपेक्षा उरलेली नाही. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात तर ते निव्वळ खोटे ठरते. समतोलाला दोन पारडी लागतात. तिथे वरची जमीन आणि खालचे पाणी अशी दोन वेगळी पारडी मुळात नाहीतच.

हा प्रदेश चुनखडीचा. पावसाच्या किंचित आम्ल पाण्याने खडक विरघळत गेला आणि आतून पोखरला गेला. द्वीपकल्पाच्या उत्तर भागात भूपृष्ठावर नद्या जवळजवळ नाहीत. त्या पोटातून वाहतात. छत कोसळले तिथे पाण्याने भरलेली विवरे उघडी पडली. त्यांना ‘सेनोते’ म्हणतात. हा स्पॅनिश शब्द माया भाषेतून आला. साक आक्तुन आणि दोस ओहोस या जलमग्न गुहा एकमेकींना जोडलेल्या असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले, तेव्हा त्यांची एकत्रित लांबी ३४७ किलोमीटर भरली. गोड्या पाण्याचा पातळ थर इथे खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. मुरलेले पाणी मातीतून गाळून शुद्ध होते, ही आपली शाळेपासूनची समजूत. पण इथे मातीच जेमतेम आहे. वर सांडलेले खाली पोचते, आणि खालचे समुद्रातल्या प्रवाळांपर्यंत.

नाते केवळ पाण्याचे नाही. ओश बेल हा या गुहांविषयी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन मला या संदर्भात फार महत्त्वाचे वाटते. जंगलाच्या मातीत तयार होणारा मिथेन आणि विरघळलेले सेंद्रिय द्रव्य पाण्याबरोबर गुहेत उतरते. त्यावर जीवाणू जगतात आणि जीवाणूंवर आंधळ्या कोळंब्या. काळोखातल्या जिवांचे अन्न वरच्या अरण्यात पिकते. मग ‘इथे तोडली, तिथे लावू’ हा वृक्षारोपणाचा हिशेब कोणत्या कोळंबीला समजावून सांगायचा?

प्लाया देल कार्मेनची वस्ती १९९० मध्ये सुमारे तीन हजार होती; २०२० च्या जनगणनेत ती तीन लाखांवर गेली. शेजारचे कान्कुन तर १९७० च्या दशकात पर्यटनासाठीच आखून वसवलेले शहर. या किनाऱ्यावरच्या भूजलात औषधांचे, कीटकनाशकांचे, एवढेच नव्हे तर अमली पदार्थांचेही अंश सापडल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो. सांडपाणी खोल विहिरींतून खाऱ्या थरात सोडण्याची पद्धतही तिथे आहे. यालाच विल्हेवाट म्हणायचे!

मग आली माया रेल्वे. एकही झाड तोडणार नाही, असे आश्वासन राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी दिले होते; प्रत्यक्षात लाखो झाडे गेली. कान्कुन-तुलुम टप्प्याचा मार्ग २०२२ मध्ये महामार्गावरून जंगलात वळवण्यात आला, आणि त्यामागे हॉटेलवाल्यांचा विरोध हे एक कारण होते. न्यायालयाने काम थांबवले, तेव्हा राष्ट्रीय सुरक्षेचे नाव पुढे करून ते रेटण्यात आले. गुहांना धक्का लागू नये म्हणून रूळ खांबांवर उचलले, असे सांगितले गेले. खांब कुठे रोवले? गुहांच्याच छतांतून, हजारोंनी! २०२४ च्या आरंभी पाणबुड्यांनी खाली उतरून काढलेल्या चित्रणात खांबांतून निसटलेले काँक्रीट स्वच्छ पाण्यात साचलेले दिसते.

परंतु रेल्वेला एकटीला खलनायक ठरवणे मला सोयीस्कर वाटते. सेनोतेच्या निळ्या पाण्याची छायाचित्रे दाखवून रेल्वेला विरोध करणाऱ्यांतले कित्येक ज्या हॉटेलांत उतरतात, त्यांचे शौचकूप त्याच पाण्याच्या डोक्यावर आहेत. रेल्वे दिसते, गळती दिसत नाही, एवढाच फरक.

गरिबाला रोजगार नको काय, असा प्रश्न येईलच. हवा, अवश्य हवा. पण द्वीपकल्पातल्या माया खेड्यांना गोड्या पाण्याचा दुसरा आधार नाही. बाटलीबंद पाणी परवडते ते पाहुण्यांना. रोजगाराच्या बदल्यात विहीर मागणाऱ्याला उपकारकर्ता म्हणण्याची रीत निदान लेखक-वाचकांनी तरी पाळू नये. पर्यावरणाचे अहवाल झाडे मोजतात, हेक्टर मोजतात. इमारतीला परवानगी देण्याआधी तिच्याखालच्या पोकळीचा नकाशा आणि तिच्या सांडपाण्याची वाट दाखवा, एवढी साधी अट घालायला सांगितली की मात्र सगळ्यांनाच विकासविरोधाचा वास येऊ लागतो.