बँडवाल्याचं नाव काय?

मोताळ्यात बसून जॅझवर पोस्ट? हसा, हरकत नाही. पण जॅझची वाद्यं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत, तीही अगदी हातभर अंतरावरून. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, साईड ड्रम, मोठा ढोल. नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडे निघतो तेव्हा घोड्याच्या पुढे हेच वाजत असतं.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जॅझ जन्माला आलं ते मोठ्या सभागृहात नाही. ते आलं रस्त्यावरच्या बँडमधून, नाचाच्या हॉलमधून. लष्करी बँडसारखी पितळी वाद्यं, वाजवणारी बहुतेक काळी कष्टकरी माणसं, आणि कामं कोणती तर मिरवणुका आणि अंत्ययात्रा. स्मशानाकडे जाताना संथ, भजनासारखी धून. परत येताना उडत्या चालीची. म्हाताऱ्या वारकऱ्याला टाळ-मृदंगात शेवटचा निरोप देणाऱ्या आपल्या लोकांना यात काही नवल वाटायचं कारण नाही.

आता मुद्द्यावर येतो. ही पोस्ट "डीजे बंद करा" म्हणून नाही. त्यावर भांडणं भरपूर झालीत, आणि डीजे चालवणारी पोरंही आपलीच आहेत, कर्ज काढून गाडी उभी केलेली. मुद्दा वेगळा आहे. आपल्या तालुक्यात जी माणसं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या दमानं वाजवतात, त्यांचं रेकॉर्डिंग कुठे आहे? आणि त्यांची नावं कुठे आहेत?

जॅझच्या इतिहासात बडी बोल्डन नावाचा माणूस होऊन गेला. जन्म १८७७. कॉर्नेट वाजवायचा, म्हणजे ट्रम्पेटचाच धाकटा भाऊ. जॅझची सुरुवात करणाऱ्यांमध्ये त्याचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात टाकलं आणि १९३१ मध्ये तो तिथेच गेला. त्याच्या वादनाचा एक सेकंदही आज ऐकायला मिळत नाही. आहेत त्या फक्त आठवणी, "त्याचा आवाज लय लांब जायचा" अशा छापाच्या. आणि जॅझ म्हणून पहिली रेकॉर्ड निघाली ती १९१७ साली, गोऱ्या वादकांच्या बँडची. संगीत उभं केलं एकांनी, पहिला शिक्का बसला दुसऱ्यांचा. कारण ज्याचं रेकॉर्डिंग होतं त्याचाच इतिहास लिहिला जातो.

हे सगळं अमेरिकेतच झालं असं नाही. आपल्या मुंबईतही झालं.

१९३५ साली लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर बाहेरून आणखी वादक आले, आणि त्यांच्या शेजारी उभे राहून शिकले ते गोव्याचे वादक. गावातल्या चर्चच्या शाळेत सूर वाचायला शिकलेली ही पोरं पोटासाठी मुंबईला आली होती. हळदोण्याचे अँटोनिओ झेवियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट. ट्रम्पेट असं वाजवायचे की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा फिल्मच्या स्टुडिओत काम. आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र, त्यांच्या गाण्यांत हा जॅझचा रंग भरला तो अशाच वादकांच्या साथीनं. भगवानदादांचा 'अलबेला' (१९५१) पाहा, चिक चॉकलेट त्यात पडद्यावरही दिसतात.

मग प्रश्न असा की अलबेलाची गाणी माहीत असलेल्या किती जणांना चिक चॉकलेट माहीत आहेत? रेकॉर्डवर संगीतकाराचं नाव आलं, गायकाचं आलं. साथीला वाजवणाऱ्यांना त्या दिवसाचे पैसे मिळाले आणि विषय संपला. पुढे ती रेकॉर्ड पन्नास वर्षं विकली गेली तरी वाजवणाऱ्याच्या घरी त्यातला रुपया गेला नाही. अँथनी गोन्साल्विस म्हटलं की आपल्याला अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ आठवतो. खरे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिन वाजवणारे गोव्याचे मोठे संगीतकार होते, प्यारेलाल यांचे गुरू. शिष्यानं १९७७ साली गाण्यात नाव घातलं म्हणून निदान नाव तरी राहिलं. सगळ्यांच्या नशिबी असा शिष्य नसतो.

न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातले संशोधक ग्रेगरी बूथ यांनी दोन पुस्तकं लिहिली आहेत. 'ब्रास बाजा' (२००५) आपल्याकडच्या लग्नाच्या बँडवर, आणि 'बिहाइंड द कर्टन' (२००८) मुंबईच्या फिल्म स्टुडिओतल्या वादकांवर. लग्नातला बँडवाला आणि स्टुडिओतला जॅझवाला, दोघांकडे एकाच माणसाला जावंसं वाटलं, कारण दोघांची गोष्ट एकच आहे. गाणं सगळ्यांना पाठ, वाजवणारा कोणालाच माहीत नाही. आणि हे लिहायला माणूस ऑकलंडहून यावा लागला, हेही लक्षात घ्या.

आपल्या परंपरेत गाणाऱ्यानं यावर उपाय केव्हाच शोधला होता. तुकोबांनी अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घातलं, नामदेवांनी घातलं, जनाबाईनं घातलं. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरून गायले, त्यांनीही गाण्याच्या शेवटी 'वामन' घातला. नाव गाण्यातच शिवून टाकलं की कोणी काढू शकत नाही. पण डफडं वाजवणाऱ्यानं नाव कुठे घालायचं? क्लॅरिनेटवाल्यानं कुठे घालायचं? सुरात नाव घालता येत नाही. ते आपल्यालाच लिहावं लागतं, आणि आपण लिहीत नाही. लग्नाच्या पत्रिकेत चुलत मामेभावापर्यंत सगळे 'आपले विनीत' छापतो, बँडचं नाव कधी छापलंय का?

यावर काही लोक म्हणतील, "बँडवाले फिल्मी गाणीच तर वाजवतात, यात कला कसली?" भाऊ, जॅझवालेही तेच करायचे. अमेरिकेत नाटक-सिनेमातली गाजलेली गाणी घ्यायची आणि स्वतःच्या पद्धतीनं वाजवायची, यावरच अर्धं जॅझ उभं आहे. गाणं कोणाचंही असो, मधल्या जागेत वाजवणारा काय करतो ते बघायचं असतं. आपला क्लॅरिनेटवाला गाण्याचं कडवं संपवून पुढच्या कडव्याआधी जी हरकत घेतो ती रेकॉर्डमध्ये नसते. ढोलवाला नवरदेवाच्या मामाला नाचताना बघून ठेका बदलतो तो कुठल्या कागदावर लिहिलेला नसतो. समोरच्या माणसाला बघून त्याच क्षणी वाजवणं, याच गोष्टीसाठी जॅझ जगभर नावाजलं गेलं. आपल्याकडे ती गोष्ट पोळ्याला, हळदीला, गणपतीला रस्त्यावर फुकट ऐकायला मिळते म्हणून तिची किंमत नाही.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. "परंपरा टिकली पाहिजे" असं म्हणणं सोपं असतं. पण गावात डफडं, हलगी कोणी वाजवायची हे कोण ठरवायचं? जात ठरवायची. सणावाराला बोलावलं की जायचंच, आणि मोबदल्यात काय तर पसाभर धान्य, शिळं अन्न. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या कितीतरी लोकांनी ही कामं स्वाभिमानानं सोडली, आणि बरोबर केलं. म्हणून मी "पुन्हा वाजवा" असं कोणालाही सांगणार नाही. जो आज स्वतःच्या मर्जीनं वाजवतोय त्याला ठरलेले पैसे, बसायला खुर्ची, पंगतीत ताट आणि नावानिशी मान मिळाला पाहिजे, एवढंच म्हणणं आहे. तो मान नसेल तर परंपरेच्या गप्पा आपण मारू नयेत. जॅझवाल्यांनाही अमेरिकेत हेच भोगावं लागलं, ज्या हॉटेलात रात्री वाजवायचं तिथे राहायला खोली मिळायची नाही.

नाव आणि रेकॉर्डिंग हा फक्त मानाचा विषय नाही, पोटाचाही आहे. सरकारची वृद्ध साहित्यिक-कलावंत मानधन योजना आहे, आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं. २०२४ पासून महिन्याला ५००० रुपये. अर्ज करायचा तर कलेचे पुरावे जोडावे लागतात. प्रमाणपत्रं, पेपरातली कात्रणं, कार्यक्रमांचे फोटो. आता मला सांगा, चाळीस वर्षं ज्यानं लग्नात ट्रम्पेट फुंकलं, भजनात मृदंग वाजवला, त्याच्याकडे कुठला कागद असणार? त्याचं वादन हजारो लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओत आहे, पण कॅमेरा नवरदेवावर होता. रेकॉर्डिंग असलं की लगेच मानधन मंजूर होतं असं मी म्हणत नाही. पण दाखवायला काहीच नसणं आणि नाव-गाव-तारखेसह दाखवायला काहीतरी असणं, यात फार फरक आहे.

आणि आज हे करायला स्टुडिओ लागत नाही. चिक चॉकलेटच्या काळात रेकॉर्ड काढायची म्हणजे मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहावं लागायचं. नंतर कॅसेट आली आणि छोट्या कंपन्यांनी गावोगावचे भीमगीतं, भारूडं, लोकगीतं गाणारे बाजारात आणले. आता तर प्रत्येक घरात फोन आहे. जगभरात छोटे जॅझवाले कुठल्याही कंपनीशिवाय स्वतःच रेकॉर्ड करतात आणि इंटरनेटवर थेट विकतात. आपल्याकडची पोरं रील बनवण्यात हुशार आहेतच. ती हुशारी जरा इकडे वळवा.

कसं करायचं, तर साधं आहे.

एक. मिरवणुकीत नको, तिथे गोंगाट असतो. सकाळी देवळाच्या सभामंडपात किंवा सुट्टीच्या दिवशी शाळेच्या खोलीत. पंखा बंद, फोन वादकांपासून चार-पाच हात लांब, स्टँडवर किंवा विटेवर टेकवून.

दोन. आधी वादकाला बोलू द्या. नाव, गाव, वाद्य, कोणाकडून शिकला, कधीपासून वाजवतो. मग वाजवू द्या, मध्ये कोणी बोलू नका.

तीन. फिल्मी गाणी लग्नात वाजवायला परवानगी लागत नाही, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीला तशी सूट आहे. पण तेच यूट्यूबवर टाकलं की गाण्याची मालक कंपनी हक्क सांगते आणि जाहिरातीचे पैसे तिकडे जातात. म्हणून रेकॉर्डिंगसाठी आपलं स्वतःचं वाजवा. पोळ्याचं डफडं, हळदीचे ठेके, परण्याची चाल, गोंधळाचा संबळ. यावर कोणत्याच कंपनीची मालकी नाही.

चार. जे स्वतः गाणी लिहितात, चाली लावतात त्यांनी आयपीआरएस या संस्थेचं सभासद होण्याची माहिती घ्यावी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कायद्यानं पक्का झालाय. गावातल्या शाहिरालाही तो लागू आहे, फक्त मुंबईवाल्याला नाही.

पाच. चॅनेल वादकाच्याच नावानं काढा. पैसे आले तर त्याच्या खात्यात. आपण फक्त फोन धरणारे.

गणपती मंडळं, जयंती मंडळं आणि यात्रा कमिट्यांना एक विनंती. डीजे लावायचा तो लावा, नियमात लावा. पण पूर्ण कार्यक्रमातला एक तास तालुक्यातल्या वादकांना द्या, ठरलेलं मानधन देऊन. आणि बॅनरवर नेत्यांचे जेवढे फोटो असतात त्यातला एक कमी करून वादकांची नावं लिहा. एका फोटोनं कोणाचं राजकारण बुडत नाही.

रात्री दहाचा नियम बँडलाही आहे, हे आपण मान्य करूया. मुंबईत १९७८ साली जगभरचे जॅझवाले 'जॅझ यात्रा' महोत्सवात ज्या रंगभवनात वाजवून गेले, ते रंगभवनही पुढे शांतता क्षेत्रात आलं आणि तिथल्या मैफली बंद पडल्या. हॉस्पिटलजवळचा नियम चुकीचा नव्हता. पण एक जागा बंद झाली तर दुसरी जागा द्यायची जबाबदारी कोणाची? आपल्या तालुक्यात तर पहिलीच जागा नाही. एखादं छोटं सभागृह, निदान एक छत आणि चार लाईट, एवढं ग्रामपंचायत-नगरपंचायतीला जड नाही. निवडणुकीत मत मागायला येतील तेव्हा रस्ता-नाली विचारताच, हेही एकदा विचारा.

बडी बोल्डनच्या वेळी फोन नव्हता. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे, तेव्हा सबब नाही. मोताळा, धामणगाव बढे, रोहिणखेड, पिंपळगाव देवी, शेलापूर, तळणी, जिथून कुठून वाचत असाल तिथल्या वादकाला विचारून, त्याची परवानगी घेऊन, खाली कमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा : नाव, गाव, वाद्य. नाव माहीत नसेल तर आज संध्याकाळी जाऊन विचारून या. नंबर टाकू नका, नाव पुरेसं आहे. यादी झाली की आपण तिथूनच सुरुवात करू.