अग्नीचें भय आणि अरण्याचें हित

वनांत आग लावणारा तो गुन्हेगार आणि विझविणारा तो पुण्यवान, हा समज सुशिक्षितांतहि फार खोल रुजलेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत सरकारी नोकरच पेटते पलिते घेऊन रान जाळतात, हें ऐकतांच आमचे एक स्नेही उद्गारले, "कुंपणच शेत खाऊं लागलें!" आम्हांस मात्र हा उद्गारच अविचाराचा वाटतो.

१९१० सालीं अमेरिकेच्या वायव्य भागांत सुमारें ३० लक्ष एकर वन जळालें. त्या धसक्यानें तेथील वनखात्यानें आगीशीं उभा दावा मांडला. दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या आंत आटोक्यांत आलीच पाहिजे, असा दंडक १९३५ सालीं घालण्यांत आला. कॅलिफोर्नियांतील मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या रानांस जी आग लावीत, तिला तर १८५० च्या कायद्यानेंच दंड सांगितला होता. फळ काय मिळालें? जमिनीलगत सरपटणारी लहान आग पूर्वीं दर कांहीं वर्षांनीं पाचोळा व झुडपें खाऊन जाई. ती बंद पडतांच पाचोळा सांचला, कोंवळीं झाडें दाटलीं आणि आगीला शेंड्यापर्यंत चढण्यास आयती शिडी मिळाली.

सिक्वाया या महावृक्षाचेंच उदाहरण घ्या. हजारों वर्षें जगणाऱ्या या वृक्षाची जाड साल लहान आगीस दाद देत नाहीं. उलट तिच्या उष्णतेनें त्याचे शंकु उघडतात, आणि पाचोळा जळून मोकळ्या झालेल्या मातींत त्याचें बीं रुजतें. परंतु शेंड्याला भिडलेल्या आगीपुढें त्याचेंहि कांहीं चालत नाहीं. २०२० सालच्या 'कॅसल' आगींत सर्व मोठ्या सिक्वायांपैकीं शेंकडा १० ते १४ वृक्ष मेले, असा अंदाज करण्यांत आला. याउलट योसेमिटी उद्यानांतील मॅरिपोसा राईंत १९७१ पासून नियोजित आग लावीत आले आहेत. २०२२ च्या जुलैंत तेथें वणवा येऊन भिडला, तेव्हां तो मंदावला आणि राई वांचली. विझविणाऱ्यांचे श्रम आम्ही नाकारीत नाहीं. पण त्यांच्या यशाची तयारी पन्नास वर्षें चाललेली होती.

प्रतिपक्षाचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. २००० सालच्या मे महिन्यांत बँडेलियर येथें उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं लावलेली आग हातची निसटली आणि लॉस अ‍ॅलामॉस गांवांतील दोनशेंहून अधिक घरें भस्मसात् झालीं. २०२२ सालीं न्यू मेक्सिकोंतच वनखात्याच्या आगींतून ३ लक्ष ४० हजारांहून अधिक एकरांचा वणवा भडकला. ज्यांचें घर गेलें त्यांस शास्त्र सांगणें ही क्रूर थट्टा होय. त्यांची भरपाई सरकारनें केलीच पाहिजे, आणि वाऱ्याचा व कोरडेपणाचा विचार ज्यानें नीट केला नाहीं त्यास जाबहि विचारलाच पाहिजे. परंतु एवढ्यावरून आगच वर्ज्य ठरत नाहीं. तें रान केव्हां ना केव्हां जळणारच आहे. तें आपण निवडलेल्या शांत, दमट दिवशीं, जाळरेषा आंखून जळावें, कीं भर उन्हाळ्यांत वीज निवडील त्या दिवशीं, एवढाच काय तो प्रश्न आहे.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. कोणी आमच्या लेखाचा आधार घेऊन सह्याद्रीच्या डोंगरास काडी लावील, तर तो आमचा अनुयायी नव्हे. गवत बरें येईल या समजुतीनें पेटवून सोडून दिलेला वणवा आणि काझीरंगांत हिवाळ्यांत पट्टे आंखून जाळलेलें गवत, यांत रोग आणि औषध यांइतकें अंतर आहे. प्रत्येक रानाची प्रकृति निराळी असते. ती ओळखल्यावांचून आग लावणें हा अपराध आहे. मात्र ती ओळखल्यावरहि केवळ लोकापवादाच्या भयानें हात आंखडणें हा, आमच्या मतें, त्याहून लहान अपराध नव्हे.