मेलेल्या बाईची साक्ष

थोरली जाऊ विहिरीत गेली. पंचनाम्यात लिहिलं, 'पाय घसरून'. वर्षभरात धाकटीच्या अंगात थोरली यायला लागली. घुमताना म्हणायची, "माझा पाय घसरला नव्हता." सासरच्यांनी तिला देवऋषाकडे नेलं. आमच्या केंद्रात आली तेव्हा पाठीवर वळ होते. मी तिला समजावलं, 'भूत नसतं.' ती गप्प झाली.

मैत्रिणींनो, मी खोटं बोलले नव्हते. मेलेलं माणूस दुसऱ्याच्या शरीरात शिरून परत येत नाही. पण देवऋषाने चाबकाने जे केलं, तेच मी विज्ञानाच्या नावाने केलं. तिचं तोंड बंद केलं.

आपल्याकडे कोणत्या बायका भूत होतात ते पाहा. बाळंतपणात गेलेली हडळ होते. विहीर जवळ केलेली, जळालेली झपाटते. काही घरांत दुसरेपणावर आलेलीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात, सवतीने त्रास देऊ नये म्हणून. पहिली मेली कशी, हे कोणी विचारत नाही. पोलिसांच्या दप्तरी 'अकस्मात मृत्यू', आणि गावाला सगळं ठाऊक! म्हणूनच गाव तिला भितं.

अंगात देवी आली तर खणानारळाने ओटी भरतात. तेच शरीर, तेच घुमणं. पण मेलेली सासुरवाशीण बोलू लागली की मिरचीची धुरी. कारण उघड आहे. देवी नवस मागते, ही जाब विचारते.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद होऊ शकते. हा कायदा आपण वापरलाच पाहिजे. पण तो मार थांबवतो. बाई काय सांगत होती, ते ऐकण्याचं काम आपलं आहे. काहींना खरोखर मानसिक उपचार लागतात, ते मिळालेच पाहिजेत. मात्र गोळी देऊन तिला गप्प करणं म्हणजे उपचार नव्हे.

भुताचं बोलणं कोर्टात पुरावा होत नाही, हे मान्य. पण कोणाचं नाव घेतलं, ती बाई कधी आणि कशी गेली, माहेरच्यांचा जबाब घेतला होता का, हे तर आपण विचारू शकतो! आणि झपाटलेल्या बाईला एकटीला भेटून एवढंच विचारायचं, 'तुला कशाची भीती वाटते?'

मी ते उशिरा विचारलं. चौथ्या भेटीत धाकटी स्वतःच्या आवाजात म्हणाली, "ताई, आता माझी पाळी आहे."