दूतावासाच्या फायलीतले मृत्यू

रियाधमधला भारतीय दूतावास परक्या भूमीवर असला, तरी 2005चा माहिती अधिकार कायदा त्याला लागू आहे. अर्जदाराने कारण सांगण्याची गरज नाही आणि 30 दिवसांत उत्तर मिळायला हवं. आखातातल्या कामगारांवर लिहिणाऱ्या मराठी पत्रकारांनी हा मार्ग फार कमी वापरला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तो कसा वापरावा, हे व्यंकटेश नायक यांनी 2018मध्ये दाखवलं. कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्हच्या या कार्यकर्त्याने माहिती अधिकारातली उत्तरं आणि संसदेतली आकडेवारी एकत्र मांडली. 2012पासून 2018च्या मध्यापर्यंत सहा आखाती देशांत किमान 24,570 भारतीय कामगार दगावले होते. म्हणजे दिवसाला दहाहून जास्त. सर्वाधिक मृत्यू सौदी अरेबियातले.

माणूस तिथे दगावला की मृतदेह घरी पाठवायला दूतावासाचं ना-हरकत पत्र लागतं. म्हणजे फाइल तयार होतेच. तिच्यातून वय, काम, मृत्यूचं नोंदलेलं कारण आणि महिना मागायला हवा. महिना विशेष महत्त्वाचा: सौदीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12 ते 3 उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. ती पाळली जाते का, याचा माग महिनावार आकड्यांतून काढता येईल.

2023च्या विदा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहिती नाकारणं सोपं केलं आहे. म्हणून अर्जात नावं मागू नका, आकडे मागा. नकार आला, तर अपील करा. मिळालेली उत्तरं आम्ही छापू.