परसबाग : बारा महिने पालक

भगिनींनो, हिवाळ्यात कन्हानच्या बाजारात पालकाची जुडी स्वस्त मिळते. मे महिन्यात तीच घेताना पदराची गाठ चाचपावी लागते. म्हणून पालक परसातच हवा.

ऊन तापले, दिवस मोठा झाला की पालक पाने सोडून दांडा काढतो. सगळे बी एकाच दिवशी टाकले तर सगळा वाफा एकदमच संपतो. तेव्हा वाफ्याचे चार भाग करा आणि दर पंधरा दिवसांनी एकेक भाग पेरा. ‘ऑल ग्रीन’चे बी रात्रभर भिजवून, वीतभर अंतराच्या ओळींत पेरभर खोल टाका. एका बोंडातून दोन-तीन रोपे निघतात. दाट झालेली उपटून वरणात घाला. महिन्याभरात पहिली कापणी येते. दोन बोटे बुंधा राखून कापा, पाला पुन्हा फुटतो.

पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. वाफा वीतभर उंच करा, त्यात रेती व कुजलेले शेणखत मिसळा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा पऱ्हाटीचा मांडव घाला, दोन्ही वेळा थोडे थोडे पाणी द्या व एक-दोन कापण्यांवर समाधान माना. साबणाचे पाणी मात्र वाफ्यात सोडू नका.

पालकातले लोह सहज अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळा. आणि भाजी कमी पडली की ती आधी शेवटी जेवणाऱ्या बाईच्याच ताटात कमी पडते, हे विसरू नका. हा वाफा तुमच्यासाठीही आहे.