जिन्यातली मी

पहिल्या नोकरीत बॉसशी इंग्लिश, रूममेटशी पुणेरी मराठी आणि आईचा फोन आला की थेट जिना! कारण आई बोलणार अहिराणी. आमचं नांदगाव नाशिक जिल्ह्यात. पण खानदेशातलं चाळीसगाव रेल्वेने अगदी जवळ. एकदा डेडलाइनच्या गडबडीत फोन जागेवरच घेतला. "काय करी ऱ्हायनी?" आईने विचारलं आणि मीही अहिराणीत सुरू. कुणीच हसलं नाही! २०११च्या जनगणनेत खानदेशी-अहिराणी ही मातृभाषा सांगणारे १८ लाखांवर होते. लपत होते मी. अरे, या तिन्ही मुली मीच की! शेजारच्या डेस्कवरचा अमरावतीकरही दुसऱ्या दिवसापासून घरच्यांशी जागेवरूनच वऱ्हाडीत बोलायला लागला. तुमचा जिना कुठला?